ऑपेरॉनचं कूळ, इंड्यूसरचं मूळ

झाक मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाची कारकीर्द दोन वाटांनी सांगता येते. एक प्रयोगांच्या क्रमाने, जशी ती पाठ्यपुस्तकांत येते. दुसरी शब्दांच्या क्रमाने. जनुकांचं नियमन कसं चालतं हे उलगडताना मोनोंनी काही शब्द स्वतः घडवले, काही चालते शब्द विचारपूर्वक बंद पाडले, आणि एक शब्द असा रूढ केला की पुढे त्यांच्याच प्रयोगाने त्याचा अर्थ उलटा ठरवला, तरी तो शब्द जागचा हलला नाही. मला ही दुसरी वाट जास्त आवडते. प्रयोग जुने होतात, त्यांची उपकरणं संग्रहालयात जातात. शब्द मात्र आजही प्रत्येक प्रयोगशाळेत रोज उच्चारले जातात आणि त्यांच्या पोटात जुना वाद जिवंत असतो.

पहिला शब्द 'डायॉक्सी'. १९१० साली पॅरिसमध्ये जन्मलेले मोनो चित्रकाराचे चिरंजीव, आई अमेरिकन. ते चेलो वाजवत, बाखच्या रचना गाणारा वृंद चालवत, आणि आयुष्य संगीताला द्यावं की विज्ञानाला याचा निर्णय त्यांचा बराच काळ होत नव्हता. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ते सॉर्बोनमध्ये डॉक्टरेटसाठी जीवाणूंची वाढ मोजत होते. काम दिसायला अगदी साधं. फ्लास्कमध्ये पाणी, क्षार आणि साखर. जीवाणू वाढतात तसा द्राव गढूळ होतो. गढूळपणा ठरावीक वेळाने मोजायचा आणि आलेख काढायचा. एकच साखर असली की रेष वर चढते आणि साखर संपली की आडवी होते. मोनोंनी दोन साखरा एकत्र घातल्या. पुढे गाजलेली जोडी म्हणजे ग्लुकोज आणि दुधातली साखर, लॅक्टोज. तेव्हा रेष चढली, मध्येच आडवी पडली, थोडा वेळ तशीच राहिली आणि पुन्हा चढायला लागली. जीवाणू आधी ग्लुकोज संपवत होते, मग थांबत होते, मग दुसऱ्या साखरेकडे वळत होते. या दुहेरी चढाला मोनोंनी ग्रीकमधून नाव घेतलं: 'दि' म्हणजे दोन आणि 'औक्सेइन' म्हणजे वाढणं. मराठी वाचकाला हे दोन्ही तुकडे परके वाटायचं कारण नाही. 'दि' हा आपल्या 'द्वि'चा सख्खा भाऊ, आणि 'औक्सेइन' ज्या मूळ धातूपासून आला त्याच धातूची संस्कृतातली लेक म्हणजे 'ओजस्'. ओजस्वी वक्ता आणि जीवाणूंचा दुहेरी आलेख यांचं गोत्र एक आहे.

नाव देऊन झालं, पण मधला आडवा तुकडा काय सांगतो ते कळेना. १९४० च्या डिसेंबरात मोनोंनी तो आलेख पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या आंद्रे ल्वॉफ यांना दाखवला. ल्वॉफ म्हणाले, याचा संबंध 'एन्झाइम अ‍ॅडॅप्टेशन'शी असावा. मोनोंनी तोवर हे शब्दच ऐकले नव्हते. त्या दिवसापासून आपलं सगळं संशोधन या एकाच गोष्टीभोवती फिरत राहिलं, असं त्यांनी पुढे नोबेल व्याख्यानात सांगितलं.

या जोडशब्दाचे दोन्ही भाग थांबून बघण्यासारखे आहेत. 'एन्झाइम' हा जर्मन शरीरशास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूने यांनी १८७० च्या दशकात घडवलेला शब्द. ग्रीकमध्ये 'एन' म्हणजे आत, 'झ्युमे' म्हणजे खमीर; जे खमिराच्या आत असतं ते एन्झाइम. या 'झ्युमे'चा संस्कृतातला नातलग म्हणजे 'यूष'. वैद्य आजाऱ्याला मुद्गयूष देतात, घरात त्यालाच आपण मुगाचं कढण म्हणतो, तोच हा यूष. मराठीने मात्र 'विकर' हा वेगळा शब्द केला. वि आणि कृ यांतून आलेला, बदल घडवणारा. हा शब्द मला मूळ ग्रीक शब्दापेक्षा सरस वाटतो. एन्झाइम या शब्दात ते कुठे सापडलं एवढंच आहे. विकर म्हणताच ते काय करतं हे कळतं.

दुसरा भाग 'अ‍ॅडॅप्टेशन', आपलं 'अनुकूलन'. खरी गोम इथे होती. काही विकरं जीवाणूत कायम असतात आणि काही विशिष्ट अन्न मिळालं तरच दिसतात, हे मोनोंच्या आधीच ठाऊक होतं. फिनलंडच्या हेनिंग कार्स्ट्रोम यांनी १९३० च्या दशकात त्यांची दोन गटांत वाटणी केली: पहिली 'कॉन्स्टिट्यूटिव्ह', म्हणजे पेशीच्या घडणीतच असलेली, आणि दुसरी 'अ‍ॅडॅप्टिव्ह', म्हणजे परिस्थितीशी जुळवून घेणारी. वरवर पाहता सोयीची विभागणी. पण 'जुळवून घेणं' म्हटलं की लगेच त्यामागे हेतू उभा राहतो. लॅक्टोज आलं म्हणून पेशीने ते पचवण्यासाठी विकर केलं, असं वाक्य आपोआप तोंडी येतं, आणि त्यातल्या 'साठी'ने प्रश्न विचारायच्या आतच उत्तर दिलेलं असतं. पेशीला कसं कळलं? निरोप कोणी नेला? हे प्रश्न मग कोणी विचारतच नाही.

त्या काळात हा शब्द निव्वळ शास्त्रीय चुकीपुरता राहिला नव्हता. मोनो युद्धकाळात फ्रान्सच्या भूमिगत चळवळीत होते. टोपणनाव 'मालिव्हेर'. सॉर्बोनमधल्या प्रयोगशाळेबाहेर जिराफाचा सांगाडा होता. त्याच्या पायाच्या पोकळ हाडात ते गुप्त कागदपत्रं दडवत. त्या चळवळीतल्या कम्युनिस्ट गटातून ते लढले, पक्षाचे सदस्य झाले, आणि युद्धानंतर पक्षातून बाहेर पडले. १९४८ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रशियात त्रोफिम लिसेंकोचा अधिकृत विजय जाहीर झाला. परिस्थितीने सजीवात झालेला बदल पुढच्या पिढीत उतरतो, जनुकं वगैरे भांडवलदारी कल्पना आहेत, हा त्याचा सिद्धान्त राज्याचं धोरण बनला. जनुकशास्त्रज्ञांच्या नोकऱ्या गेल्या, संस्था बंद झाल्या. निकोलाय वाव्हिलोव्ह तर त्याआधीच, १९४३ मध्ये, तुरुंगात मेले होते. सप्टेंबर १९४८ मध्ये मोनोंनी पॅरिसच्या 'काँबा' या दैनिकात लिसेंकोच्या विजयाला कसलाही वैज्ञानिक आधार नाही असं रोखठोक लिहिलं. अशा माणसाच्या स्वतःच्या संशोधनाचं शीर्षक 'अनुकूलन' असावं, जीवाणू परिस्थितीनुसार विकर 'शिकतात' असा त्याचा अर्थ कोणीही लावावा, हे त्यांना चालण्यासारखं नव्हतं.

म्हणून १९५३ साली 'नेचर' साप्ताहिकात एक छोटं टिपण आलं. मेल्विन कोन, झाक मोनो, मार्टिन पोलॉक, सोल स्पीगेलमन आणि रॉजर स्टेनियर अशा पाच जणांच्या सह्या, आणि विषय फक्त परिभाषा. विकरांच्या निर्मितीबद्दल बोलताना 'अ‍ॅडॅप्टेशन' सोडावं आणि 'इंडक्शन' म्हणावं, असं त्यांनी सुचवलं. जो पदार्थ विकराची निर्मिती सुरू करतो तो 'इंड्यूसर'. एकाच विषयातले स्पर्धक असलेले लोक एकत्र येऊन एका शब्दाला निरोप देतात ही गोष्ट विज्ञानात विरळा, आणि मला या सगळ्या इतिहासातलं हे पान फार मोलाचं वाटतं.

या बदलाला बळ होतं ते प्रयोगाचं. मोनो आणि कोन यांनी लॅक्टोजसारखे दिसणारे अनेक पदार्थ तपासले. काही पदार्थ विकराची निर्मिती जोरात सुरू करत, पण त्या विकराला ते पचवता मात्र येत नसे. उलट काही पदार्थ विकराला सहज फोडता येत, पण त्यांनी निर्मिती सुरू होत नसे. म्हणजे उपयोग आणि निर्मिती यांचा थेट संबंध नव्हता. या गुणाला त्यांनी 'ग्रात्युइते' म्हटलं. फुकटपणा, निष्कारणता. लॅटिनमध्ये 'ग्रातिस' म्हणजे मोबदल्यावाचून. जिथे पेशीला काडीचा फायदा नाही तिथेही ती इमानाने विकर बनवत राहते, तर मग 'जुळवून घेते' कसं म्हणायचं? ऑक्सिजनच्या जागी गंधक असलेला असाच एक न पचणारा पदार्थ आज 'आयपीटीजी' या नावाने जीवतंत्रज्ञानाच्या जवळपास प्रत्येक प्रयोगशाळेतल्या फ्रिजमध्ये असतो.

आता 'इंडक्शन'कडे वळू. लॅटिन 'इन' आणि 'दुकेरे': आत नेणं, प्रवृत्त करणं. भौतिकशास्त्राच्या मराठी पुस्तकांत त्याला 'प्रवर्तन' म्हणतात. पाच जणांना हा शब्द निर्हेतुक, तटस्थ वाटला होता. 'अनुकूलन'पेक्षा तो तटस्थ होताच. पण त्यातही एक गृहीत लपलेलं होतं: इंड्यूसर येतो आणि काहीतरी सुरू करतो, पुढे ढकलतो, प्रवृत्त करतो. दरम्यान असे जीवाणू सापडले होते जे लॅक्टोज नसतानाही लॅक्टोज फोडणारं विकर सतत बनवत राहतात. त्यांच्यात ज्या जनुकात बिघाड होता त्याला 'आय' हे अक्षर मिळालं. 'इंड्यूसिबल' असण्याचा गुण ठरवणारं, म्हणून 'आय'. या बिघडलेल्या जीवाणूंच्या आत आपसूकच इंड्यूसर तयार होत असणार, असा मोनोंचा कयास होता. शब्दाने सुचवलेलाच तो कयास.

इथे फ्रांस्वा झाकोब येतात. १९२० साली नॅन्सीत जन्मलेले, वैद्यकीचे विद्यार्थी, १९४० मध्ये देश सोडून लंडनला गेलेले आणि द गॉलच्या सैन्यात आफ्रिकेत लढलेले. ऑगस्ट १९४४ मध्ये नॉर्मंडीत ते इतके जखमी झाले की शल्यविशारद होण्याचं स्वप्न संपलं. १९५० मध्ये ते ल्वॉफ यांच्या प्रयोगशाळेत आले. ती प्रयोगशाळा पाश्चरच्या पोटमाळ्यावर होती. नर जीवाणूची जनुकं मादी जीवाणूत क्रमाक्रमाने कशी शिरतात याचं तंत्र झाकोब आणि एली वोलमन यांनी बसवलं. ते तंत्र आणि मोनोंचं विकर यांची गाठ १९५७-५८ मध्ये पडली, अमेरिकेतून वर्षभरासाठी आलेल्या आर्थर पार्डी यांच्या हातून. पार्डी, झाकोब, मोनो या तिघांच्या नावांची आद्याक्षरं जुळवून त्या प्रयोगाला 'पाजामो' म्हणतात, आणि बोलताना त्याचा हमखास 'पायजमा' होतो.

प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. मादी जीवाणू असे घेतले की त्यांच्यात विकराचं जनुक बिघडलेलं आणि 'आय'ही बिघडलेलं. नर असे की त्यांच्यात दोन्ही धडधाकट. भांड्यात लॅक्टोज नाही, त्यासारखं दुसरं काहीही नाही. दोघांना एकत्र केलं, थोड्या वेळाने नरांना औषधाने मारून टाकलं, आणि दर काही मिनिटांनी नमुना काढून त्यात एक रंगहीन रसायन घातलं. विकर असेल तर ते रसायन फुटतं आणि नळीतला द्राव पिवळा होतो. जितकं विकर जास्त, तितका पिवळा गडद. विकराचं चांगलं जनुक मादीत पोहोचताच दोन-तीन मिनिटांत पिवळा रंग दिसू लागला आणि वाढत गेला. लॅक्टोजचा पत्ता नसताना. मग तासा-सव्वा तासाने वाढ मंदावून थांबली. आता इंड्यूसर घातला की ती पुन्हा सुरू.

थांबली का? मादीच्या बिघडलेल्या 'आय'मुळे आतल्या आत इंड्यूसर तयार होत असता, तर नराकडून चांगलं 'आय' आल्याने ती निर्मिती बंद पडायचं कारण नव्हतं. उत्तर एकच होतं. चांगलं 'आय' असं काहीतरी बनवतं जे विकराची निर्मिती रोखतं. ते पेशीत साठायला तासभर लागतो, तेवढा वेळ जनुक मोकळं असतं. बिघडलेल्या 'आय'च्या जीवाणूत जादाचं काही नसतंच. रोखणारं नाहीसं झालेलं असतं. लिओ झिलार्ड हे हंगेरियन-अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ त्याच सुमारास मोनोंना हेच सांगत होते की इंडक्शन म्हणजे नकाराचा नकार असू शकेल. मोनोंनी नोबेल व्याख्यानात त्यांचं हे ऋण मान्य केलं आहे. दार मुळातच उघडायला तयार आहे, फक्त आतून कडी लावलेली आहे. इंड्यूसर दार ढकलत नाही, कडी काढतो.

म्हणजे 'इंड्यूसर' कोणालाही प्रवृत्त करत नाही. 'प्रवर्तन' ज्याला म्हटलं ते मुळात अडथळा दूर होणं निघालं. १९५३ मध्ये इतक्या काळजीने निवडलेला शब्द पाच-सहा वर्षांत उलटा पडला. तरी तो कोणी बदलला नाही. इतकंच काय, ते 'आय' अक्षरही तसंच राहिलं. आज 'लॅक-आय' हे जनुक जे प्रथिन बनवतं त्याचं नाव 'लॅक रिप्रेसर'. जनुकाच्या नावात इंडक्शन, प्रथिनाच्या नावात रिप्रेशन.

'ऑपेरॉन' हा शब्द १९६० सालचा. रिप्रेसर ज्या जागेवर बसतो ती जागा 'ऑपरेटर', आणि त्या एका जागेच्या ताब्यातली लागून असलेली सगळी जनुकं मिळून 'ऑपेरॉन'. लॅक्टोजच्या बाबतीत अशी तीन जनुकं. मूळ लॅटिन 'ओपुस', काम; ज्याला संस्कृतात 'अपस्' म्हणतात, वेदांत येणारा, कर्म या अर्थाचा. शेवटचं 'ऑन' मात्र इलेक्ट्रॉन-प्रोटॉनकडून उसनं आणलेलं. सेमूर बेन्झर यांनी १९५७ मध्ये 'सिस्ट्रॉन', 'रेकॉन', 'म्यूटॉन' असे शब्द करून ही शेपटी जीवशास्त्रात आणली होती. जीवशास्त्रालाही भौतिकशास्त्रासारखे मूलकण असावेत ही त्यामागची आस. नंतर 'रेप्लिकॉन', 'रेग्युलॉन', 'इंट्रॉन', 'एक्सॉन' अशी रांगच लागली. रेकॉन आणि म्यूटॉन आता कोणी वापरत नाही. ऑपेरॉन टिकला, कारण त्या नावाची वस्तू पेशीत खरोखर निघाली.

१९६१ मध्ये झाकोब आणि मोनो यांचा मोठा लेख 'जर्नल ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी'त आला. 'मेसेंजर आरएनए' हे नाव त्यातलंच. कोविडच्या लशींमुळे ते आता सगळ्यांच्या तोंडी आहे. त्या लेखात रिप्रेसर बहुधा आरएनएचा असावा असं म्हटलं होतं. १९६६ मध्ये वॉल्टर गिल्बर्ट आणि बेनो म्यूलर-हिल यांनी तो प्रत्यक्ष वेगळा काढला तेव्हा तो प्रथिन निघाला. एका पेशीत त्याचे जेमतेम दहाएक रेणू. लेखातला तर्क चुकला, शब्द नाही. 'रिप्रेसर', मागे दाबणारा, एवढंच तो शब्द सांगतो. तो कशाचा बनला आहे याबद्दल मौन पाळतो, म्हणून सुरक्षित राहिला. याउलट लॅक्टोज पेशीत आत घेणाऱ्या प्रथिनाला मोनोंच्या गटाने १९५६ मध्ये 'पर्मिएझ' म्हटलं, तेव्हा शेवटच्या 'एझ'ने ते विकर असल्याचा दावा केला, आणि जीवरसायनशास्त्रज्ञ त्यावर बराच काळ आक्षेप घेत राहिले. नाव देताना जेवढं माहीत आहे तेवढंच बोलावं, हे मोनोंना कळत होतं, पण दरवेळी जमलं असं नाही.

शेवटचा मोठा शब्द 'अ‍ॅलॉस्टेरिक', १९६१ सालचा. 'अ‍ॅलोस' म्हणजे दुसरा, 'स्टेरेओस' म्हणजे घन आकार. प्रथिनाच्या एका जागी लहानसा रेणू येऊन बसतो आणि त्याने दुसरीच जागा बदलते. इंड्यूसर रिप्रेसरला असाच वेगळ्या जागी चिकटतो, रिप्रेसरचा आकार बदलतो, आणि त्याची डीएनएवरची पकड सुटते. मोनो याला जीवनाचं दुसरं रहस्य म्हणत, पहिलं डीएनए. १९६५ मध्ये ल्वॉफ, झाकोब आणि मोनो यांना नोबेल मिळालं. १९७६ मध्ये मोनो गेले, २०१३ मध्ये झाकोब.

या सगळ्या शब्दांना आपल्याकडे काय म्हणायचं? 'जीन'साठी मराठीने 'जनुक' केला, जन् धातूपासून. डेन्मार्कचे विल्हेल्म योहान्सन यांनी १९०९ मध्ये 'गेन' हा शब्द रूढ केला, तो ग्रीक 'गेनोस'च्या कुळातला, आणि 'गेनोस' व 'जन्' एकाच मुळाच्या दोन फांद्या. म्हणजे जनुक हे भाषांतर कमी आणि भाऊबंदांची भेट जास्त. 'नियमन'ची गोष्ट आणखी सुंदर आहे. इंग्रजी 'रेग्युलेशन' लॅटिन 'रेगुला'वरून, म्हणजे सरळ रेघ मारायची पट्टी; आपले 'ऋजु' आणि 'राजा' त्याच कुळातले. म्हणजे सरळ मार्गावर नेणं. 'नियमन' मात्र यम् धातूपासून, आणि यम् म्हणजे आवरून धरणं. संयम, नियम, लगाम धरणारा सारथी 'यंता', आणि 'यंत्र'सुद्धा यातूनच आले. जनुकांचं नियमन रोखून धरण्याने होतं हे पॅरिसमध्ये ज्या प्रयोगाने कळलं, त्याला आपला शब्द इंग्रजी शब्दापेक्षा जास्त चपखल बसतो. अर्थात रोखणं हे सगळं सत्य नव्हे. अमेरिकेतले एलिस एंगल्सबर्ग यांनी १९६० च्या दशकात दाखवलं की अरॅबिनोज या साखरेच्या जनुकांना खरोखर चालना देणारं प्रथिन लागतं. पॅरिसच्या नमुन्याचा प्रभाव इतका होता की त्यांचं म्हणणं मान्य व्हायला बराच वेळ गेला. तेव्हा चांगला शब्द हाताशी असला तरी त्याच्यावर विसंबून डोळे मिटून चालत नाही.

'इंड्यूसर'ला 'प्रवर्तक' म्हणावं की 'प्रेरक', हा प्रश्न मराठीत विज्ञान लिहिणाऱ्यांना पडतोच. दोन्ही शब्द इंग्रजीतली १९५३ ची समजूत जशीच्या तशी घेऊन येतात. त्यात आणखी एक भर म्हणजे लॅक ऑपेरॉनचा नैसर्गिक इंड्यूसर लॅक्टोज नाहीच; पेशीत लॅक्टोजपासून तयार होणारा 'अ‍ॅलोलॅक्टोज', दुसरा लॅक्टोज, हा तो इंड्यूसर, आणि तो बनवतं तेच विकर, ज्याची निर्मिती त्याने सुरू व्हायची. म्हणून पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांना विनंती आहे की 'प्रवर्तक' लिहायचा तर जरूर लिहा, रूढ शब्द मोडू नका, पण त्याच्याखाली एक ओळ नक्की घाला: हा रेणू जनुकाला चालना देत नाही, त्याला रोखणाऱ्या प्रथिनाला दूर करतो. ही ओळ नसेल तर विद्यार्थी शब्द पाठ करेल आणि ऑपेरॉन उलटा शिकेल.